जमिनीच्या मागाने पूर्वजापर्यंत: देशावरील एकोणिसाव्या शतकातल्या जमीनधारक पूर्वजाचा शोध कसा घ्यावा

आपल्या घराण्यात पूर्वी कोणीतरी मोठा जमीनवाला होऊन गेला, पाटीलकी होती, वाडा होता, आणि मग कर्जात किंवा भाऊबंदकीत सगळे गेले, अशी आठवण देशावरच्या अनेक घरांत सांगितली जाते. या आठवणीतला माणूस कागदावर सापडतो का, हा प्रश्न पडला की बहुतेक जण त्याच्या नावाने शोध सुरू करतात आणि सहा महिन्यांत थकतात. नावे एकसारखी असतात, आडनावे बदललेली असतात, एकाच गावात एकाच नावाचे तीन खातेदार निघतात. म्हणून माझे सांगणे असे, की माणसाऐवजी त्याच्या जमिनीचा, शक्यतो एकाच शेताचा, माग काढत मागे जावे. त्या जमिनीचा क्रमांक दोन-तीनदा बदललेला असेल, पण ती जागची हललेली नसते, आणि तिच्यावर ज्यांनी हक्क सांगितला, सारा भरला, कर्ज काढले किंवा भांडण केले, त्यांची नावे तिच्याभोवती जमा झालेली असतात.

पुढचे विवेचन मुख्यतः पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जुन्या जिल्ह्यांना धरून आहे. कोकणात खोतीची पद्धत होती आणि तिच्यासाठी 1880 चा स्वतंत्र कायदा झाला. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, विदर्भाची मोजणी आणि महसूलपद्धत वेगळी होती. तिथल्या दफ्तरांची नावे आणि भाषा निराळ्या आहेत. शब्दांबद्दलही आधीच एक सूचना करून ठेवतो. आपण आज ‘जमीनदार’ म्हणतो तो अर्थ जुन्या मराठी कागदांत नसतो. तिथे जमीनदार म्हणजे परगण्याचे देशमुख-देशपांडे. गावात जमीन धरणारा माणूस मिरासदार किंवा थळकरी (वंशपरंपरेने जमीन धरणारा), उपरी (असा वंशपरंपरागत हक्क नसलेला), इनामदार (सारा पूर्ण किंवा अंशतः माफ असलेल्या जमिनीचा धारक) किंवा वतनदार (पाटीलकीसारख्या वंशपरंपरागत कामाचा हक्कदार) यांपैकी कोणीतरी असतो. त्याचे पुढचे कागद कोणत्या दफ्तरात सापडतील, हे त्याच्या या दर्जावरून ठरते.

घरातून सुरुवात

पहिले काम घरातच आहे. आजचा सातबारा, आठ-अ, आजोबांच्या काळची खरेदीखते, वाटणीपत्रे, न्यायालयीन कागद, सारा भरल्याच्या पावत्या, हे सगळे एकत्र करावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना पूर्वजाचे नाव विचारण्याआधी शेतांची नावे विचारावीत. चिंचेचा मळा, पाटाचे शेत, इनामपट्टी, माळाचे टेपाड, अशी नावे दीडशे-दोनशे वर्षे टिकतात, आणि जुन्या कागदांत सर्वे नंबराच्या आधीची ओळख हीच असते. ‘इनामपट्टी’सारखे नाव आले तर ते शेत कधीकाळी दुमाला होते, म्हणजे त्याचा सारा पूर्ण किंवा अंशतः माफ होता, असा अंदाज धरून ठेवावा.

त्याच वेळी घराण्याचा दशक्रिया-श्राद्धांचा इतिहासही विचारावा. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी असतात, आणि तिथे आलेल्या पूर्वजाने स्वतः किंवा उपाध्यायाने बाप-आजाची, भावांची व मुलांची नावे लिहून ठेवलेली असतात. सांगली-कोल्हापूरकडे हेळवी कुळांची वंशावळ सांगत फिरतात. या नोंदी नावांसाठी फार मोलाच्या आहेत. तारखांसाठी मात्र त्यांवर विसंबू नये, आणि तोंडी सांगितलेल्या वंशावळीत दत्तक मुलगा औरस म्हणून आलेला असू शकतो हे लक्षात ठेवावे.

गट नंबरावरून सर्वे नंबराकडे

आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असेल तर तो थेट एकोणिसाव्या शतकात नेता येत नाही. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानुसार अनेक गावांत योजना राबवली गेली आणि जुन्या सर्वे नंबरांच्या जागी गट आले. भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचे उतारे असतात. बोलीत त्यांना नऊ-तीन, नऊ-चारचे उतारे म्हणतात. त्यांवरून कोणता गट कोणत्या सर्वे नंबराच्या कोणत्या हिश्श्यातून झाला ते कळते. या टप्प्यावर घाई करू नये. गट चुकीच्या सर्वे नंबराशी जोडला, तर पुढचे शंभर वर्षांचे काम शेजाऱ्याच्या घराण्यावर होते.

सर्वे नंबर हाती आला की फेरफारांकडे, म्हणजे जमिनीवरचा हक्क बदलल्याच्या नोंदींकडे, वळावे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 मध्ये झाला आणि 1913 मध्ये ती तरतूद जमीन महसूल कायद्यात घातली गेली, त्यामुळे गावातले अगदी पहिले फेरफार बहुधा विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतले असतात. आपला पूर्वज त्याआधीच वारलेला असला तरी हे फेरफार सोडू नयेत. वारसाच्या नोंदीत मयताचे नाव, त्याचे मुलगे, विधवा, कधी चुलतभावाची हरकत, आणि ‘अमुक वर्षांपूर्वी मयत’ असा शेरा येतो. तो शेरा म्हणजे एकोणिसाव्या शतकात उतरायची पहिली पायरी. जुने सातबारे व फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. काही जिल्ह्यांतील जुने अभिलेख स्कॅन होऊन शासनाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावरही पाहता येतात. अर्जात गाव, तालुका, सर्वे नंबर आणि हव्या असलेल्या कागदाचे नेमके नाव लिहावे. ‘आमच्या घराण्याचे जुने कागद द्यावेत’ अशा अर्जाला उत्तर मिळत नाही, आणि त्यात कर्मचाऱ्यांची चूक नसते.

पहिल्या मोजणीतला माणूस

इथे थोडे थांबून मोजणीची पार्श्वभूमी समजून घ्यायला हवी, कारण तिच्याशिवाय त्या काळच्या नोंदीचा अर्थ लागत नाही. पेशवाई 1818 मध्ये संपल्यावर प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली पहिली आकारणी फसली. मग 1835-36 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नवी पद्धत सुरू केली, तिचे नियम 1847 च्या संयुक्त अहवालात पक्के झाले, आणि आकार, म्हणजे शेतावर ठरवलेला सारा, तीस वर्षांसाठी बांधून देण्याचा प्रघात पडला. इंदापूरची मुदत 1867 च्या सुमारास संपून तिथे फेरआकारणी झाली. म्हणजे तुमच्या तालुक्याची पहिली मोजणी कोणत्या वर्षी झाली आणि फेरमोजणी कधी झाली, ही दोन वर्षे कळली तर पूर्वजाच्या आयुष्याचे दोन स्थिर बिंदू मिळतात. ही वर्षे जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली निघालेल्या बॉम्बे गॅझेटियरच्या जिल्हावार खंडांत सापडतात; सोलापूरचा खंड 1884 चा, तर पुणे आणि साताऱ्याचे खंड 1885 चे आहेत. तालुक्याचे मूळ सेटलमेंट अहवाल ‘सिलेक्शन्स फ्रॉम द रेकॉर्ड्स ऑफ द बॉम्बे गव्हर्नमेंट’ या मालिकेत छापले गेले आहेत आणि त्यांत अनेकदा गाववार आकडे असतात.

गाव त्या वेळी कोणाच्या अमलाखाली होते, हेही याच टप्प्यावर ठरवावे. सातारचे राज्य 1848 मध्ये खालसा झाले; त्याआधीचे तिथले कागद इंग्रज कलेक्टरकडे नसून छत्रपतींच्या दफ्तरात असणार. भोर, फलटण, औंध ही संस्थाने तर थेट 1948 पर्यंत होती. आज एका तालुक्यात असलेली शेजारची दोन गावे तेव्हा दोन वेगळ्या राज्यांत असू शकतात.

पहिल्या मोजणीचे कागद भूमी अभिलेख कार्यालयात शेतवारपत्रक, आकारबंद, सूडपत्रक, कडई पत्रक, टिपण (शेताच्या मोजणीचा आराखडा) आणि प्रतवारीच्या नोंदी अशा नावांनी मिळतात. सगळीकडे सगळे टिकलेले नाही. जे असेल ते मागावे. त्यांत सर्वे नंबर, क्षेत्र, आकार आणि खातेदाराचे नाव असते. नाव साधारणपणे ‘रामजी बिन सखोजी पाटील’ अशा धाटणीचे. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. काही नोंदींत त्याऐवजी ‘वलद’ असते, आणि बाईच्या नावापुढे ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. आडनाव बहुतेक वेळा नसतेच. ‘पाटील’ किंवा ‘मोकदम’ हे आडनाव समजू नये, तो हुद्दा असतो, आणि भाऊबंदांपैकी तीन-चार तक्षीमदार, म्हणजे वतनाचे हिस्सेदार, तो एकाच वेळी लावत असतात.

याच नोंदीत दोन सापळे आहेत. पहिला असा, की खाते एकत्र कुटुंबाच्या कर्त्याच्या नावे असे, त्यामुळे खातेदार म्हणून नाव नाही याचा अर्थ पूर्वजाकडे जमीन नव्हती असा होत नाही. त्याचा थोरला भाऊ शोधावा. शिवाय मोजणीत लहान लहान तुकडे एकत्र करून एक नंबर बांधला गेला असेल तर नाव एकाचे आणि वहिवाट चौघांची, असा प्रकार होता. दुसरा सापळा मला स्वतःला नडला. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात, त्यामुळे रामजी बिन सखोजी, मग सखोजी बिन रामजी, मग पुन्हा रामजी बिन सखोजी, अशी साखळी होते. मी नातवाच्या कर्जाचे कागद आजोबांचे समजून त्यांच्या आयुष्याची सगळी मांडणी केली होती. एका कागदातल्या तारखेनुसार ते मृत्यूनंतर चौदा वर्षांनी गहाणखतावर अंगठा करत होते, तेव्हा कुठे चूक उमगली. तेव्हापासून प्रत्येक नोंदीत नाव, बापाचे नाव आणि सर्वे नंबर अशा तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय ती मी आमच्या माणसाच्या खात्यात टाकत नाही.

क्षेत्राच्या बाबतीतही सावध असावे. मोजणीनंतर एकर-गुंठे आले. 33 फुटांची साखळी, 33 फूट बाय 33 फूट म्हणजे एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. त्याआधीच्या कागदांत बिघे आणि चाहूर येतात: 20 काठ्यांचा पांड, 20 पांडांचा बिघा, 120 बिघ्यांचा चाहूर. काठीची लांबी मात्र ठिकठिकाणी वेगळी होती आणि हलक्या जमिनीचा बिघा मोठा धरला जाई, त्यामुळे बिघ्यांचे एकर करून ‘इतकी जमीन गेली कुठे’ असा वाद घालण्यात अर्थ नाही.

इनाम आणि वतन असेल तर

पूर्वज इनामदार किंवा वतनदार असेल तर शोध एकदम श्रीमंत होतो, कारण सरकारला त्याच्याकडून महसूल कमी मिळत होता आणि म्हणून सरकारने त्याची कसून चौकशी केली होती. दक्षिण महाराष्ट्रात 1843 पासून सुरू झालेल्या इनाम चौकशीला 1852 च्या अकराव्या कायद्याने पूर्ण अधिकार मिळाले. इनाम कमिशनपुढे धारकाला हक्क सिद्ध करावा लागे: सनद, जुनी पत्रे, वहिवाटीचा पुरावा, कैफियत (लेखी निवेदन), आणि वंशावळ. इनाम मूळ कोणाला मिळाले, त्याच्यापासून त्या वेळच्या धारकापर्यंत पिढ्या कशा आल्या, हे धारकाने स्वतः लिहून दिलेले असते. दोन-तीनशे वर्षे मागे नेणारी वंशावळ एका कागदावर मिळावी, अशी ही एकच जागा. तरी ती वाचताना लिहिणाऱ्याचा हेतू विसरू नये. हक्क टिकवण्यासाठी दिलेल्या वंशावळीत अडचणीची शाखा गाळलेली असू शकते. भाऊबंदाने दिलेली प्रतिकैफियत सापडली तर ती आधी वाचावी.

1863 च्या कायद्यांनी पुष्कळ इनामांचा निकाल ठरावीक वार्षिक रक्कम घेऊन लावला आणि धारकांना नव्या सनदा दिल्या. या सनदा कधी घरातच, देव्हाऱ्यामागच्या पेटीत असतात. गावपातळीवर दुमाला जमिनींची नोंदवही, म्हणजे गाव नमुना तीन, पाहावी. पाटीलकी-कुलकर्णीसारख्या वतनांसाठी 1874 चा वतन कायदा झाला. त्याखालच्या वतन रजिस्टरांत कोणाची तक्षीम किती, पाळी कोणाची, मृत्यूनंतर वारस कोण लागला, याच्या नोंदी आहेत.

हे कमिशनचे दफ्तर आणि पेशव्यांचे दफ्तर पूर्वी पुण्याच्या एलिएनेशन ऑफिसात होते. आज ते पुणे पुराभिलेखागारात आहे. बोलीत त्याला अजूनही पेशवे दफ्तर म्हणतात. कागद रुमालांत बांधलेले आहेत, आणि यादीवरून रुमाल निवडून मागवावे लागतात. आपला परगणा, तर्फ आणि गाव यांची जुनी नावे लिहून न्यावीत, कारण याद्या आजच्या तालुक्यांप्रमाणे नाहीत. 1818 च्या मागे जायचे असेल तर प्रांत अजमास, घडणी आणि रोजकीर्दी या पेशवेकालीन हिशेबी दफ्तरांकडे वळता येते, पण एकोणिसाव्या शतकाची साखळी पक्की होण्याआधी तिकडे जाऊ नये. तिथे हरवायला फार सोपे असते. मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथेही राज्याची पुराभिलेखागारे आहेत. महसूल खात्याचा इंग्रजी पत्रव्यवहार मुंबईत शोधावा.

मोडी आणि मिती

यातला बराच भाग मोडीत आहे. छापील नमुन्याचे मथळे बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आणि आतला मजकूर मोडीत, असेही पुष्कळ दिसते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द तोडून लिहिलेले नसतात, त्यामुळे नुसती अक्षरे ओळखून भागत नाही. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांत मोडीचे वर्ग होतात; महिन्या-दोन महिन्यांच्या सरावाने निदान आपल्या गावाचे आणि पूर्वजाचे नाव पानावर ओळखता येते, आणि तेवढ्याने लिप्यंतरकाराला द्यायची पाने निम्म्याने कमी होतात. पूर्ण कागद मात्र जाणकाराकडूनच वाचून घ्यावा.

तारखांचा हिशेब स्वतः शिकावा. शक संवत्सरात 78 मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79. शुहूर सन मृगापासून सुरू होतो. त्यात डिसेंबरपर्यंत 599 आणि पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवावेत. दख्खनी फसलीत तसेच 590 किंवा 591. शुहूर सन अरबी शब्दांत, एकम आधी, असा लिहितात: ‘इसन्ने अशर मयातैन व अलफ’ म्हणजे दोन, दहा, दोनशे आणि हजार, एकूण 1212, म्हणजे इसवी 1811-12. तोच फसली 1221 आणि शके 1733. एकाच कागदावर दोन सन असतील तर दोन्ही उलगडून एकमेकांशी ताडून पाहावेत. नकलाकाराच्या चुका अशाच पकडल्या जातात.

कर्ज, खटले, दुष्काळ

जमिनीच्या नोंदीतून माणसाचे असणे कळते, पण त्याचे दिवस कसे गेले ते कर्जाच्या कागदांतून दिसते. दस्तनोंदणीचे कायदे 1864 आणि 1866 मध्ये आले आणि शंभर रुपयांवरच्या स्थावराच्या व्यवहारांची नोंद सक्तीची झाली. दुय्यम निबंधकांच्या पुस्तक क्रमांक एकमध्ये स्थावराचे दस्त असतात. सूची एक नावांची आणि सूची दोन मिळकतींची. इथेही आधी सूची दोन, म्हणजे गाव आणि सर्वे नंबर, मग सूची एक. साक्षीदारांची नावे टिपावीत. वारंवार येणारा साक्षीदार बहुतेक वेळा मेहुणा, व्याही किंवा शेजारचा भाऊबंद निघतो.

12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पसरला. दंगेखोरांचा रोख कर्जरोख्यांवर आणि गहाणखतांवर होता. त्यामुळे या पट्ट्यात 1875 च्या आधीचा एखादा रोखा मिळत नसेल तर तो जळाला असण्याची शक्यता गृहीत धरावी. दंग्यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल आणि परिशिष्टे आपल्या गावाच्या नावासाठी चाळावीत. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारही जिल्ह्यांना लागू झाला. शेतकऱ्याचे दस्त गाव-रजिस्ट्रारपुढे करण्याची तरतूद त्यात होती, आणि कर्जाच्या दाव्यात न्यायाधीशाला मूळ उसनवारीपासून हिशेब उकलण्याचा अधिकार होता. अशा दाव्याचा निकाल मिळाला, तर मुलीच्या लग्नासाठी काढलेले दीडशे रुपये व्याजाने कसे वाढत गेले, बैल केव्हा विकले, कडबा केव्हा संपला, हे साक्षीत वाचायला मिळते. 1876-78 आणि 1899-1900 चे दुष्काळ आणि 1896-97 नंतरचा प्लेग यांची वर्षे समोर ठेवून गहाणे आणि वारसनोंदी लावून पाहाव्यात. पुष्कळदा त्या याच वर्षांभोवती दाटलेल्या दिसतात.

मृत्यूची तारीख जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये, शोधावी. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. मुलांच्या जन्मतारखा आणि जात शाळेच्या जनरल रजिस्टरांत सापडतात. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर हीच दफ्तरे चाळली गेली, त्यामुळे अनेक तालुक्यांत कोणत्या वह्या शिल्लक आहेत याची यादी आता तयार आहे. ती आधी विचारावी.

नोंद कशी ठेवावी, आणि शेवटी कुठे जावे

प्रत्येक कागदासाठी एक पान करावे. त्यावर दफ्तराचे नाव, रुमाल किंवा पुस्तक क्रमांक, पान, मूळ मिती, बदललेली तारीख, आणि मजकूर जसाच्या तसा. आपला अर्थ वेगळ्या शाईने. वंशावळीत ज्या दुव्याला कागद नाही तिथे तुटक रेघ ओढावी आणि ती पुढच्या माणसासाठी तशीच ठेवावी.

एवढे झाल्यावर जुन्या टिपणाची आणि गावनकाशाची नक्कल घेऊन शिवारात जावे, शक्यतो उन्हाळ्यात, पीक उभे नसताना. शेत आज दुसऱ्याच्या मालकीचे असेल तर आधी विचारून जावे, आणि आपण हक्क सांगायला आलेलो नाही हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट करावे, कारण हातात जुना नकाशा घेऊन बांधावर उभ्या राहिलेल्या परक्या माणसाचा गावात एकच अर्थ लावला जातो. मग ओढा, पायवाट, विहीर आणि बांधाचे दगड नकाशाशी ताडावेत, विहिरीच्या थारोळ्यावर किंवा आतल्या कोनाड्याशी शक कोरलेला आहे का ते पाहावे, आणि तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्या तुकड्याचे नाव विचारावे.